हसू नका, स्टॅनफर्ड खरंच अटलांटिक किनाऱ्यावर खेळतं

आज सकाळी ग्रुपवर कुणीतरी विचारलं, "स्टॅनफर्ड अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्समध्ये? नकाशा उलटा धरला होता का?" खाली हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. स्टॅनफर्ड कॅलिफोर्नियातलं, म्हणजे पॅसिफिक किनाऱ्यावरचं विद्यापीठ, आणि ही कॉन्फरन्स (थोडक्यात एसीसी), म्हणजे विद्यापीठांचं खेळांचं मंडळ, पार दुसऱ्या किनाऱ्यावरची. उत्तर टाइप करायला घेतलं तर तीन ओळींत आवरेना, म्हणून इथे लिहितोय. लांब आहे. चहा घेऊन बसा.

नकाशा कुणी बघितलाच नव्हता. टेबलावर फक्त टीव्हीचे करार होते.

४ ऑगस्ट २०२३, शुक्रवार सकाळ. पॅक-१२ (पॅक म्हणजे पॅसिफिक) ही पश्चिम किनाऱ्यावरची कॉन्फरन्स, मूळ १९१५चं. तिच्या उरलेल्या नऊ विद्यापीठांची त्या दिवशी बैठक होती. अ‍ॅपलच्या कराराला होकार द्यायचा आणि पुढच्या काही वर्षांचे प्रक्षेपणाचे हक्क कॉन्फरन्सच्या नावे लिहून द्यायचे, एवढंच काम. सह्या झाल्याच नाहीत. वॉशिंग्टन आणि ओरेगन ही विद्यापीठं बिग टेन या दुसऱ्या मोठ्या कॉन्फरन्सकडे निघाली. ते गेल्याचं कळताच अ‍ॅरिझोना, अ‍ॅरिझोना स्टेट आणि युटा बिग ट्वेल्व्ह या तिसऱ्या कॉन्फरन्सकडे. सकाळी नऊ होते, रात्री चार उरले: स्टॅनफर्ड, बर्कली, ओरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट. १०८ वर्षांचा संसार एका दिवसात मोडला.

ज्यांना यातलं काही माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. कॉन्फरन्स म्हणजे विद्यापीठांचं मंडळ. आपसात मॅचेस खेळायच्या, त्या सगळ्या एकगठ्ठा चॅनलला विकायच्या, आलेले पैसे वाटून घ्यायचे. १९८४पर्यंत कॉलेज फुटबॉलच्या (अमेरिकन फुटबॉल, आपला नव्हे) कुठल्या मॅचेस टीव्हीवर दिसणार हे एनसीएए ही कॉलेज खेळांची राष्ट्रीय संघटना ठरवायची. सुप्रीम कोर्टाने ७ विरुद्ध २ मतांनी ती मक्तेदारी मोडली. विरोधात मत देणाऱ्या दोघांत होते न्यायमूर्ती बायरन व्हाइट, जे स्वतः एकेकाळी कॉलेज फुटबॉलचे स्टार होते. कायद्याच्या दृष्टीने निकाल बरोबर असेल, मान्य. पण त्या दिवसापासून प्रत्येकाने आपापलं दुकान मांडलं.

दुकान कसं चालतं ते बघा. बिग टेनचं स्वतःचं केबल चॅनल आहे. ज्या राज्यात तुमचं सदस्य विद्यापीठ आहे तिथल्या केबल कंपनीकडून दर घरामागे दरमहा जास्त दर मिळतो, बाहेरच्या राज्यात कमी. म्हणून २०१४मध्ये न्यू जर्सीचं रटगर्स आणि मेरीलँड आत आले. त्यांच्या फुटबॉलवर कुणाचा जीव जडला होता असं नाही, हवी होती न्यूयॉर्क आणि वॉशिंग्टन डीसीच्या आसपासची घरं. घरातले लोक मॅच बघोत किंवा मालिका बघोत, बिलातून पैसे कापले जायचेच. पुढे लोकांनी केबल तोडायला सुरुवात केली आणि हिशोब बदलला. आता किंमत त्या मोजक्या मॅचेसची, ज्या लाखो लोक त्याच क्षणी बघतात. म्हणजे मोठी नावं गोळा करा. ३० जून २०२२ला लॉस एंजेलिसची दोन्ही मोठी विद्यापीठं, यूएससी आणि यूसीएलए, बिग टेनमध्ये जात असल्याचं जाहीर झालं. पुढच्या ऑगस्टमध्येच बिग टेनने फॉक्स, सीबीएस आणि एनबीसीबरोबर सात वर्षांचा ७०० कोटी डॉलरहून मोठा करार केला.

बरं, पॅक-१२ बिचारी होती असंही नाही. स्वतःचं चॅनल काढलं, त्यात कुठलाही मोठा भागीदार घेतला नाही, आणि डायरेक्टटीव्ही या मोठ्या डिश सेवेवर ते शेवटपर्यंत दिसलंच नाही. २०२२मध्ये ईएसपीएनकडून विद्यापीठामागे वर्षाला साधारण ३ कोटी डॉलरचा प्रस्ताव होता अशा बातम्या आल्या. यांनी ५ कोटी मागितले. ते ताणत बसले तोवर बिग ट्वेल्व्ह रांग मोडून पुढे गेली आणि ऑक्टोबरमध्ये सहा वर्षांचे २२८ कोटी पक्के करून आली, दर विद्यापीठाला सरासरी ३ कोटी १७ लाख. मग पॅक-१२च्या हातात राहिलं फक्त अ‍ॅपल. पायाभूत रक्कम अडीच कोटींच्या आसपास, बाकी लोक किती वर्गणी भरतील त्यावर. २७ जुलै २०२३ला कोलोरॅडो बिग ट्वेल्व्हकडे गेलं आणि आठवड्याभरात ती शुक्रवार सकाळ उजाडली. माझा राग पळून जाणाऱ्यांवर जेवढा आहे तेवढाच ५ कोटी मागणाऱ्यांवरही आहे.

आणि पळून जाऊन मिळालं काय? वॉशिंग्टन आणि ओरेगनला सुरुवातीला बिग टेनचा साधारण अर्धा वाटा, ३ कोटींच्या आसपास. स्टॅनफर्ड आणि बर्कलीला १ सप्टेंबर २०२३ला एसीसीने घेतलं ते टीव्हीच्या पैशाचा ३० टक्के वाटा देऊन, तोही सात वर्षं. डॅलसचं सदर्न मेथडिस्ट तर नऊ वर्षं टीव्हीचा एक पैसा न घेता आत आलं. त्यांच्याकडे खिसे रिकामे करायला तयार असलेले देणगीदार आहेत. म्हणजे स्टॅनफर्ड चार हजार किलोमीटरहून जास्त उडून बॉस्टनला खेळायला जातं, आणि शेजारच्याच्या ताटापेक्षा निम्म्याहून कमी जेवून परत येतं.

आता मुद्द्यावर येतो. सकाळच्या त्या हसणाऱ्या चेहऱ्यांनी मला चिडवलं ते यासाठी.

फुटबॉल टीमला प्रवासाचं काही वाटत नाही. नियमित हंगामात १२ मॅचेस, आठवड्याला एक, त्यातल्या पाच-सहा बाहेरगावी, तेही चार्टर विमानाने. शुक्रवारी जा, शनिवारी खेळा, रात्री परत. व्हॉलीबॉलच्या मुली आठवड्यात दोनदा खेळतात. सॉफ्टबॉल आणि बेसबॉलला एका शनिवार-रविवारला धरून तीन मॅचेसची मालिका असते. यूसीएलएहून रटगर्सला जायचं तर पाच तासांचं विमान, घड्याळात तीन तास जातात, मग बस. पर्ड्यूला जायचं तर इंडियानापोलिसला उतरून पुढे शंभरेक किलोमीटर रस्ता. हवामान बिघडलं, जोडविमान चुकलं, की दुसऱ्या दिवशीची परीक्षा हॉटेलच्या खोलीतून नाहीतर पुढच्या आठवड्यात. या मुलींपैकी बहुतेकींना पुढे या खेळावर पोट भरायचं नाहीये. त्या इंजिनिअरिंग करतायत, जीवशास्त्र शिकतायत. आपल्यातल्या कितीतरी जणांची पोरं याच वर्गांत त्यांच्या शेजारी बसतात.

"पण वेगळं करता येत नाही हो, सगळ्या खेळांचं पॅकेज असतं." हे वाक्य मला ऐकवू नका. इंडियानातल्या नोत्र दाम विद्यापीठाचं फुटबॉल स्वतंत्र आहे, १९९१पासून घरच्या मॅचेससाठी एनबीसीबरोबर त्यांचा वेगळा करार आहे. बाकीचे बहुतेक खेळ ते एसीसीत खेळतात आणि आइस हॉकी बिग टेनमध्ये. तीन ठिकाणी तीन चुली, आणि आभाळ कोसळलेलं नाही. त्याहून गमतीचं म्हणजे खुद्द यूसीएलए आणि यूएससीची पुरुषांची वॉटर पोलो टीम अजूनही पश्चिमेतल्याच मंडळात खेळते, कारण बिग टेन तो खेळ चालवतच नाही. म्हणजे पाण्यात उतरलात तर भूगोल लागू, कोर्टवर उतरलात तर नाही!

मग बाकीच्यांना का ओढलं? एक, कॉन्फरन्स सदस्य घेते ते सगळ्या खेळांसकट. फुटबॉल द्या आणि बास्केटबॉल घरी ठेवा, असं बोलायची ताकद नोत्र दामसारख्या एखाद्याचीच. दोन, चोवीस तासांचं चॅनल शनिवारच्या मॅचेसवर भरत नाही. मंगळवारी दुपारी काहीतरी दाखवायला लागतं. ते काहीतरी म्हणजे या मुली.

खर्च झेपत नव्हता, म्हणून जावं लागलं, हेही ऐकलंय. यूसीएलएच्या खेळ विभागावर कर्ज होतं, हे खरं. पण याच काळात नोव्हेंबर २०२३मध्ये टेक्सास ए अँड एमने जिम्बो फिशर या कोचला काढलं आणि करारात लिहिलेले साडेसात कोटी डॉलरहून जास्त कबूल केले. न शिकवण्याबद्दल. एका माणसाला. हे विद्यापीठ आहे. कृपया आयपीएलशी तुलना करू नका, आयपीएलने कधी शिक्षणसंस्था असल्याचा आव आणलेला नाही.

कॅलिफोर्नियातला प्रकार तर वगनाट्यात शोभावा. यूसीएलए आणि बर्कली एकाच सरकारी विद्यापीठाच्या दोन शाखा. धाकटी श्रीमंत घरी निघून गेली आणि थोरलीचं नुकसान झालं, म्हणून २०२४मध्ये नियामक मंडळाने ठरवलं की यूसीएलएने बर्कलीला वर्षाला १ कोटी डॉलर द्यायचे, तीन वर्षं. तिथले लोक याला चक्क "कॅलिमनी" म्हणतात. आपण पोटगी म्हणू.

खेळाडूंना पैसे मिळायला लागले याबद्दल मात्र माझी तक्रार नाही. मिळायलाच हवे होते, फार आधी. खेळाडूंच्या खटल्यात जून २०२५मध्ये झालेल्या तडजोडीनंतर विद्यापीठ स्वतःच्या खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतं, पहिल्या वर्षाची मर्यादा साधारण २ कोटी ५ लाख डॉलर. पण त्याच तडजोडीतल्या जुन्या थकबाकीचं सूत्र बघा: मोठ्या कॉन्फरन्सेससाठी ढोबळ हिशोबाने ७५ टक्के फुटबॉलला, १५ टक्के पुरुषांच्या बास्केटबॉलला, ५ टक्के महिलांच्या बास्केटबॉलला आणि उरलेल्या ५ टक्क्यांत बाकी सगळे. विमानात झोपणाऱ्या मुली त्या ५ टक्क्यांत.

असो. जरा शांत झालो.

त्या शुक्रवारी रात्री मागे राहिलेल्यांपैकी स्टॅनफर्ड-बर्कलीला निदान एसीसीचं दार उघडलं. पुलमन (वॉशिंग्टन स्टेटचं गाव) आणि कॉर्व्हालिस (ओरेगन स्टेटचं) यांचं काय? दोन छोटी गावं, शनिवारची मॅच म्हणजे हॉटेलांची, दुकानांची वर्षाची बेगमी. वॉशिंग्टन स्टेटचा क्वार्टरबॅक कॅम वॉर्ड मायामीला गेला आणि २०२५मध्ये एनएफएल या व्यावसायिक लीगच्या ड्राफ्टमध्ये पहिला निवडला गेला. ओरेगन स्टेटचे कोच जोनाथन स्मिथ, जे स्वतः तिथेच क्वार्टरबॅक होते, मिशिगन स्टेटला गेले. वॉशिंग्टन विरुद्ध वॉशिंग्टन स्टेट ही १९००पासूनची मॅच नोव्हेंबरअखेरची, थंडीतली. २०२४मध्ये ती सप्टेंबरमध्ये ढकलली, सिएटलच्या एनएफएल स्टेडियममध्ये. धाकट्यांनी, म्हणजे वॉशिंग्टन स्टेटने, २४-१९ जिंकली, हे मी विसरणार नाही. ओरेगन स्टेटची बेसबॉल टीम २०२५मध्ये कॉन्फरन्सविना, दारोदार मॅचेस मागत खेळली आणि ओमाहाच्या कॉलेज वर्ल्ड सिरीजपर्यंत पोचली.

या दोन विद्यापीठांनी कोर्टात लढून पॅक-१२चा ताबा आणि तिजोरी मिळवली. २०२४च्या फुटबॉल वेळापत्रकासाठी माउंटन वेस्ट या शेजारच्या कॉन्फरन्सला १ कोटी ४० लाख मोजले. तुमच्या टीम पळवल्या तर दंड भरू, हेही करारात होतं.

आणि मग त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये त्याच माउंटन वेस्टमधून बॉइसी स्टेट, कोलोरॅडो स्टेट, फ्रेस्नो स्टेट, सॅन डिएगो स्टेट आणि पाठोपाठ युटा स्टेट उचललं. दंड साडेपाच कोटींवर गेला, तर तो बेकायदा आहे म्हणून कोर्टात गेले. फुटबॉलला आठ टीम लागतात, एक कमी पडत होती, म्हणून टेक्सास स्टेटला घेतलं. टेक्सासमधल्या सॅन मार्कोसचं. १ जुलै २०२६पासून पॅसिफिकच्या नावाने.

सकाळचे ते हसणारे चेहरे इथे टाकायला माझी हरकत नाही.