‘विषय काढू नका, लवकर दुसरं होऊ द्या’: मूल गेलेल्या घराबद्दलच्या सल्ल्याला उत्तर

कुणाचं तान्हं किंवा तरणं मूल गेलं की नातेवाइकांच्या ग्रुपवर एक सल्ला हमखास फिरतो. त्याचा आशय असा: आईबापांसमोर मुलाचं नाव काढू नका, वस्तू लवकर आवरा, तशाच दुःखातल्या लोकांच्या बैठकीला पाठवू नका, दुःख दुप्पट होतं, लवकर दुसरं मूल होऊ द्या, नाहीतर अशी दहातली आठ लग्नं मोडतात. पाठवणाऱ्यांच्या मनात काळजीच असते. पण हे वाचून माणसं त्या घरची पायरी चढायला कचरतात, म्हणून एकेक दावा तपासायला हवा.

“दुःखी माणसं एकत्र आली की दुःख वाढतं”

१९६८ साली इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीच्या रुग्णालयात थोड्या दिवसांच्या अंतराने दोन मुलगे गेले. सायमन स्टीफन्स या तिथल्या तरुण धर्मगुरूने दोन्ही आईबापांची गाठ घालून दिली. आपल्याला जे देता येत नाही ते ही चौघं एकमेकांना देताहेत, हे त्याच्या लक्षात आलं. त्यातून १९६९ मध्ये ‘द कम्पॅशनेट फ्रेंड्स’ ही संस्था उभी राहिली आणि पुढे अनेक देशांत पसरली.

बैठकीत लोक रडतात, हे खरं. घरी सासूसासऱ्यांसमोर आणि कामावर दाबून ठेवलेलं रडू तिथे बाहेर येतं. पण तिथे निव्वळ रडणं होत नाही. हळदीकुंकवात कुणी “मुलं किती तुम्हाला?” विचारलं तर काय म्हणायचं? “दोन; धाकटा आता नाही” हे वाक्य तिथे आधी बोलून पाहता येतं. बाळ गेल्यावर दोन-चार दिवसांत आईला दूध उतरतं, याची कल्पना अनेक घरांत कुणीच दिलेली नसते. ते सगळं पिळून काढलं तर आणखी तयार होतं. ठणका कमी होईल इतकंच काढायचं, थंड पट्ट्या ठेवायच्या, बेताची घट्ट ब्रा घालायची. दूध थांबवायच्या गोळ्या डॉक्टर देतात, पण रक्तदाब वाढलेला असेल तर ते आधी सांगायला हवं. ताप आला किंवा छाती लाल झाली तर लगेच दाखवायचं. हे सांगायला त्यातून गेलेली बाईच लागते, कारण शेजारीण हा विषयच काढत नाही.

बैठक वाईट चालवली तर मात्र त्रास होतो, आणि तो कशाने होतो हे ठाऊक असलेलं बरं. चांगली बैठक म्हणजे सहा ते दहा माणसं, दीड-दोन तास, महिन्यातून एकदा, आणि बैठक चालवणारे चालक दोन. चालकानेही मूल गमावलेलं असावं, पण त्याला किमान दोन वर्षं उलटलेली असावीत; ताज्या दुःखातला चालक इतरांचं ऐकता ऐकता स्वतःच कोसळतो. कुणी उठून बाहेर गेलं तर दुसऱ्या चालकाने मागे जायचं, पहिल्याने बैठक चालू ठेवायची. नव्या माणसाशी आधी फोनवर बोलून घ्यायचं. पहिल्या दिवशी मुलाचं नाव तेवढं सांगून गप्प बसायची मुभा हवी. बैठकीच्या दुसऱ्या दिवशी त्याला एक फोन.

सर्वांत जास्त बिघडतं ते तुलनेमुळे. “तुम्हाला निदान वीस वर्षं तरी मिळाली” हे एक वाक्य अख्खी बैठक मोडतं. म्हणून पोटातच गेलेल्या बाळांचे आईबाप आणि आत्महत्येने मूल गमावलेले आईबाप यांच्या बैठका जमल्यास वेगळ्या ठेवाव्यात. सल्ले, पत्रिका, पूर्वजन्मीचं कर्म यांना दारातच मज्जाव. व्हॉट्सॲप ग्रुप असेल तर तिथे फक्त वेळ आणि जागा; सुप्रभातच्या फुलांनी माणसं पटापट ग्रुप सोडतात.

“नाव काढू नका, वस्तू आवरा”

नाव काढल्याने आईला मूल नव्याने आठवतं असं नाही. ती ते विसरलेलीच नसते. लसीची आठवण करून देणारा मेसेज, शाळेच्या फीचा मेसेज हे फोनवर येतच राहतात. वस्तूंची घाई दुसऱ्या कुणी करू नये. न धुतलेला एक कपडा घट्ट झाकणाच्या डब्यात किंवा पिशवीत ठेवला तर वास काही काळ टिकतो. नणंदेने प्रेमाने सगळं धुऊन टाकलं की ते परत मिळवता येत नाही.

“दुसरं मूल हाच उपाय”

शोक म्हणजे गेलेल्या माणसापासून मन हळूहळू सोडवून घेणं, असं मनोविश्लेषणाचा जनक सिग्मंड फ्रॉइडने १९१७ मध्ये मांडलं होतं. १९२० मध्ये त्याची मुलगी सोफी गेली. १९२९ च्या एप्रिलमध्ये, ती असती तर ३६ वर्षांची झाली असती त्या दिवशी, त्याने मुलगा गमावलेल्या लुडविग बिन्सवांगर या मानसोपचारतज्ज्ञ मित्राला पत्र लिहिलं: तीव्र शोक ओसरतो, पण सांत्वन होत नाही आणि त्या जागी दुसरं कुणी येत नाही. एका बापाने दुसऱ्या बापाला दिलेला हा आधारच होता. पुढचं मूल हवं असेल तर जरूर होऊ द्यावं, पण गेलेल्याची जागा भरायला नव्हे, त्याच्या स्वतःसाठी.

“दहातली आठ लग्नं मोडतात”

हा आकडा अमेरिकेतून आला आणि त्याला पाहणीचा आधार नाही. द कम्पॅशनेट फ्रेंड्सच्याच अमेरिकेतल्या पाहण्यांत घटस्फोटांचं प्रमाण १९९९ मध्ये १२ टक्के आणि २००६ मध्ये १६ टक्के निघालं. ताण पडतो तो वेगळ्या कारणाने: नवरा पंधरवड्यात कामावर जातो, बायकोला वाटतं हा विसरला, तो गाडीत एकटा रडतो, ते तिला दिसत नाही.

सल्ल्यात खरं किती

एक गोष्ट खरी आहे: पहिल्या दिवसांत कुणाला बळेच बोलतं करू नये. आघातानंतर लगेच सगळं वदवून घेणारं एका बैठकीचं समुपदेशन नंतरचा मानसिक त्रास टाळत नाही, हे अभ्यासांत दिसलं आहे. त्या दिवसांत डबा पोचवावा, मृत्यू दाखल्याच्या रांगेत आपण उभं राहावं. आणि बैठक ही डॉक्टरची जागा घेत नाही. सहा महिने उलटूनही माणूस रोजचं काहीच करू शकत नसेल, दारू वाढली असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे न्यावं. “मलाही त्याच्याकडे जायचंय” असं कुणी म्हणालं तर त्याच दिवशी. एकटं सोडू नये, आणि टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर रात्री-अपरात्रीही लावता येतो.