एचपी घाला चुलीत, हवा किती देतो ते सांगा!

वैताग आलाय राव. घरामागच्या पत्र्याच्या शेडात सुतारकामाची हौस भागवणाऱ्या माणसानं सांगलीच्या बाजारात एअर कॉम्प्रेसर घ्यायला जाऊच नये. कुठल्याही दुकानात पहिला प्रश्न ठरलेला, "किती एचपीचा पायजे?" अरे बाबा, मला हवा पाहिजे, मिनिटाला किती येते ते सांग! सीएफएम, म्हणजे मिनिटाला किती घनफूट हवा, हे विचारलं की काउंटरवरचा माणूस आपण त्याचं उत्पन्न विचारल्यासारखा बघतो. मग म्हणतो, "घ्या की सायेब, सगळं चालतंय त्याच्यावर."

सगळं म्हणजे काय? खिळे मारायच्या नेलरला घोटभर हवा पुरते, तो कशावरही चालेल. स्प्रे गनचं तसं नाही, तिला 8-10 सीएफएम सहज लागतात. आता 50 लिटरची टाकी धरा. 8 बार दाबाला भरली आणि 5 बारपर्यंत उतरली, तर हातात आली 150 लिटर हवा. एक सीएफएम म्हणजे मिनिटाला 28 लिटर. 8 सीएफएमची गन ही हवा 40 सेकंदांत पिऊन टाकते. मोटर मागून भरत असते म्हणा, पण ती लहान असेल तर भरून भरून किती भरणार? कपाटाचं एक दार पुरं होईपर्यंत दाब बसतो, गन थुंकायला लागते आणि पॉलिशवर थेंब पडतात. एवढा हिशेब विकणाऱ्याला येऊ नये?

आणि तो एचपी तरी खरा असावा! परवा एका खोक्यावर लाल ठळक अक्षरांत 2.5 एचपी. खाली वाकून मोटरवरची पट्टी वाचली, तर 1100 वॉट. 746 वॉटला एक एचपी, म्हणजे गडी जेमतेम दीडाचा. विचारलं तर म्हणे, "ते पीक एचपी असतंय, क्षणभराचं." पीक? उसाचं का सोयाबीनचं?

कुणी सीएफएम छापलाच तर तो डिस्प्लेसमेंटचा, म्हणजे पिस्टन ओढतो ती हवा. त्यातली काही सिलिंडरच्या हेडमध्येच अडकते, काही व्हॉल्व्हमधून मागं जाते. नळीतून येणारी हवा लहान मशिनला तिसऱ्या हिश्श्यानं सहज कमी भरते. तो खरा आकडा, एफएडी (फ्री एअर डिलिव्हरी), शोधून दाखवा खोक्यावर.

किर्लोस्करवाडी याच जिल्ह्यातली. 1910 पासून तिथं नांगर झाले, पंप झाले. कुपवाडच्या एमआयडीसीत लेथ फिरतायत. आणि इथल्या दुकानदाराला मशिनवरची पट्टी वाचायचा कंटाळा!

बरं, ऑइल-फ्री, म्हणजे बिनतेलाचा, घ्यावा तर तो 2800 आरपीएमला असा बोंबलतो की शेजारच्या काकू दुपारची झोप सोडून गेटवर येतात. बेल्टवाला मागितला, कारण तो सावकाश फिरतो, रिंगा-व्हॉल्व्ह कुठंही बदलून मिळतात. तर दाखवला थ्री फेज! घरात सिंगल फेज आहे हे आधीच सांगितलं होतं. त्यात आमच्याकडं संध्याकाळी व्होल्टेज पडतं, टाकीत दाब असताना मोटर उचलतच नाही, नुसती गुरगुरत कपॅसिटर जाळते. त्यावर सल्ला काय, तर "स्टॅबिलायझर बसवा." म्हणजे स्वस्तातल्या कॉम्प्रेसरला आणखी खर्च.

वॉरंटीचं तर विचारूच नका. कपॅसिटर नाही, प्रेशर स्विच नाही, व्हॉल्व्ह नाही. जे जातं तेच नेमकं वगळलेलं. दुरुस्तीला? "कोल्हापूरला पाठवायला लागंल, पंधरा दिवस धरा."

शेवटी जुना बघायला मिरजेत गेलो. बाहेरून नवा रंग चकाचक, पण टाकीखालच्या ड्रेनच्या नटावरही तोच रंग, म्हणजे कित्येक महिन्यांत कुणी पाणी सोडलेलं नाही. दाबलेल्या हवेतली ओल टाकीत साचते, रोज काढली नाही तर आतून पत्रा खाते, आणि तसल्या टाकीत 8 बार भरून तिच्याशेजारी उभं राहायचं आपण. म्हटलं, खोला जरा. "कशाला खोलताय, पाणी नाय ओ त्यात." पाना मागून घेतला, नट फिरवला, तर तांबडंलाल गंजाचं पाणी थेट माझ्या चपलांवर. आणि हा पठ्ठ्या वर मलाच सांगतोय, "बगितलं का, गंज सगळा निघाला बाहेर. टाकी आता एकदम क्लीन!"