उतरणं सोपं आहे हो, परत चढायचं कधी?

ठाण्यात 'हॉप ऑन हॉप ऑफ' बस पाहिजे, लंडनसारखी, वरून उघडी, अशी पोस्ट दर दोन महिन्यांनी कोणत्या तरी ग्रुपवर फिरते आणि खाली लोक लाल बदाम टाकतात. मी त्या बसमधून फिरून आलेय आणि तेही एका रिटायर्ड एसटी कंडक्टरबरोबर, म्हणजे आमच्या बाबांबरोबर, त्यामुळे मला थोडं बोलायचंय.

मागच्या मे महिन्यात लंडनला भावाकडे गेलो होतो. आईचे गुडघे बघता भावानेच ऑनलाइन तिकिटं काढली, २४ तासांची. हवं तिथे उतरा, बघा, मागून येणाऱ्या त्याच कंपनीच्या बसने पुढे जा. बाबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे आपला 'आवडेल तेथे प्रवास'चा पासच की!" एसटीचा चार आणि सात दिवसांचा पास असतो ना, तो. सगळ्या महाराष्ट्रात हवं तिथे उतरा नि चढा. आणि आपण हॉप ऑन हॉप ऑफ काहीतरी फॉरेनचं म्हणून कौतुक करत बसतो.

पहिला दीड तास मस्त गेला, खोटं कशाला बोलू. वरच्या मजल्यावर वारा, कानात इअरफोन, वेस्टमिन्स्टर ब्रिज, बिग बेन, आई कुठेही न उतरता खूश. मग टॉवर ऑफ लंडनला उतरलो, कारण आत कोहिनूर आहे आणि तो बघितल्याशिवाय आई परत येणार नव्हती. आत रांगा, तो मुकुट ("एवढासाच?" - आई), मग बसायला बाक शोधणं. बाहेर आलो तर शेवटची बस गेलेली. २४ तासांचं तिकीट हातात आणि बस बंद! तिकीट २४ तासांचं असलं तरी गाड्या फक्त दिवसा धावतात, हे आम्हाला टॉवरच्या दारात कळलं. आमच्यासारखी दुपारी सुरुवात केली की उरलेलं तिकीट दुसऱ्या दिवशी सकाळी उठून वसूल करायचं, आणि आईला घेऊन सकाळी लवकर बाहेर पडणं म्हणजे काय ते ज्यांच्या घरी आई आहे त्यांना माहितीये.

मग भाऊ फोनवर म्हणाला, १५ नंबर पकडा. साधी लाल डबल डेकर, रोज ऑफिसला जाणारे लोक असतात तीच. पावणेदोन पाउंड भाडं, कार्ड टेकवलं की झालं, रोख पैसे तिथल्या बसमध्ये २०१४ पासून घेतच नाहीत. वरच्या मजल्यावर सगळ्यात पुढची सीट मिळाली, सेंट पॉल्स कॅथेड्रल समोरून गेलं, ट्रॅफल्गर स्क्वेअरपर्यंत पोचलो. बाबा पूर्ण वेळ एकच गोष्ट बघत होते, स्टॉपवरचा बोर्ड. "पुढची गाडी किती मिनिटांत येणार ते लिहिलंय बघ. कंडक्टर नाही, डबल बेल नाही, पण हे आहे."

तर माझं म्हणणं असं की उघडं छप्पर आणि इअरफोन ही सगळी सजावट आहे, खरी गंमत मागून येणाऱ्या बसमध्ये आहे. ती दहा-पंधरा मिनिटांत येणार याची खात्री असेल तरच माणूस उतरतो, नाहीतर सीट धरून बसतो.

आता ठाणे. बघायला काय आहे विचारणाऱ्यांचा मला रागच येतो. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून पहिली पॅसेंजर गाडी आली ती आपल्याकडेच. तलावपाळी आणि कोपिनेश्वर मंदिर एकाच ठिकाणी उतरून होतात. ठाण्याचा किल्ला म्हणजे आजचं सेंट्रल जेल, क्रांतिकारक अनंत कान्हेरेंना १९१० साली तिथेच फाशी दिलं. आत जाता येत नाही, पण बसमधून बघत जाताना कोणी सांगितलं तर अंगावर काटा येईल अशी जागा आहे ती, आणि रोज तिथून जाणाऱ्यांपैकी किती जणांना माहितीये? मग उपवन तलाव. ऐरोलीच्या फ्लेमिंगोंचं मात्र बसच्या टायमात जमणार नाही, तिथली बोट भरती-ओहोटी बघून सुटते.

गेल्या रविवारी जळगावचे मामा-मामी आले होते. त्यांना हेच सगळं रिक्षाने फिरवलं, चार वेळा रिक्षा, येऊरच्या डोंगरावरून उतरताना तर पाऊण तास एकही नाही, मामी दगडावर बसून पिशवीतला चिवडा खात होत्या. घरी आल्यावर बाबांनी लग्नपत्रिकेच्या मागे पेनाने आखायला घेतलं. स्टेशन, तलावपाळी, जेल, उपवन, परत स्टेशन. ट्रॅफिक धरून एक फेरी ऐंशी मिनिटं. वीस मिनिटांनी एक गाडी म्हणजे चार गाड्या.

मी म्हटलं बाबा, येऊर राहिलं.

"वर गाडी चढेल गं, वळवायची कुठे रविवारच्या गर्दीत?" आणि खाली अजून एक ओळ लिहिली : पाचवी गाडी, स्पेअर.