उसन्या पुस्तकाचे मालक कसे व्हावे?

तीन आठवड्यांपूर्वी एका रविवारी मी माझंच एक पुस्तक पंधरा दिवसांच्या बोलीवर उसनं आणलं. वहीत नाव, फ्लॅट नंबर आणि तारीख लिहून, खाली सही करून. कसं ते पुढे सांगतो. घरी आल्यावर दोन दिवस अन्न गोड लागेना. तिसऱ्या दिवशी उजाडलं की चूक आपलीच आहे. आपण जन्मभर पुस्तकं विकत घेत बसलो आणि लोक कुठल्या कुठे निघून गेले. तेव्हा तुम्हाला तरी वेळेत शहाणपण यावं म्हणून अनुभवाचे चार बोल. तुम्ही स्वतः पुस्तकवेडे असाल तर हा लेख तुमच्या कामाचा नाही. तुमच्याकडे पुस्तकं मागायला येणाऱ्याला द्या. तो आनंदाने घेऊन जाईल. परत करणार नाही.

पहिली गोष्ट म्हणजे सावज हेरणं. पुस्तकवाला माणूस ओळखायला सोपा असतो. तुम्ही घरी गेलात की चहाचं आधण ठेवायच्या आत तो तुम्हाला कपाट दाखवायला नेतो. तिथे अधाशीपणा करू नका. हात मागे बांधावेत, मान वाकडी करून नावं वाचावीत. (मान नक्की कुठल्या बाजूला वाकडी करायची यावर आपल्या प्रकाशकांचं अजून एकमत झालेलं नाही, त्यामुळे एकेका कप्प्यात मानेचा चांगला व्यायाम होतो.) मग हळूच म्हणायचं, "बापरे, एवढी सगळी वाचलीत तुम्ही?" संपलं. गडी विरघळला. "नाही हो, निम्मी अजून वाचायचीच आहेत," असं तो लाजत सांगत असतो, तेवढ्यात तुमचा हात दुसऱ्या कप्प्यात पोचलेला असतो.

विकत घेऊ नका. पुस्तकाला पैसे पडतात, मागायला नुसतं तोंड पुरतं.

ग्रंथालयाच्या तर नादीच लागू नका. आमच्या ठाण्यात मराठी ग्रंथसंग्रहालय 1893 पासून आहे, मुंबईतलं 1898 पासून. पण या लोकांचा व्यवहार बघा. आधी अनामत घेणार, मग वर्गणी घेणार, मग पुस्तक देणार आणि वर ते परतही मागणार! सव्वाशे वर्षांत त्यांना माणसांची पारख झालेली आहे, दुसरं काय. त्यांच्याकडे अनामत आधी, पुस्तक नंतर. आमच्याकडे चहा आधी, पोहे मध्ये, पुस्तक शेवटी, आणि ते न्यायला पिशवीही आमचीच.

परतीची तारीख कधीही कबूल करू नका. "वाचून झालं की देतो" हे वाक्य पाठ करून ठेवा. वाचायला घेतलंच नाही तर वाचून होणार कसं?

आता नेलेल्या पुस्तकाची निगा. पूर्वी पोथी नकलून झाली की लेखनिक शेवटी एक श्लोक लिहून ठेवत: तैलाद्रक्षेत् जलाद्रक्षेत् रक्षेत् शिथिलबन्धनात् । मूर्खहस्ते न दातव्यं एवं वदति पुस्तकम् ॥ पुस्तक बिचारं सांगतंय, मला तेलापासून जपा, पाण्यापासून जपा, सैल बांधणीपासून जपा आणि मूर्खाच्या हाती देऊ नका. पहिल्या तीन गोष्टी तुम्हाला एका बैठकीत उरकता येतील. पुस्तक उपडं टाकून जेवायला बसा, म्हणजे शिवण सुटते. चटणीच्या हाताने पान उलटा. वर पाण्याचा तांब्या ठेवा. चौथ्यासाठी वेगळं काही करायची गरज नाही.

खूण म्हणून हाताला लागेल ते घालावं. परत आलेल्या माझ्या पुस्तकांतून आजवर विजेचं बिल, डोक्याचं रबर, औषधाची रिकामी पट्टी आणि एका लग्नाची पत्रिका निघाली आहे. एकदा मेथीची वाळलेली काडी निघाली. ती मात्र मी तशीच ठेवली आहे. मेथी निवडता निवडता कादंबरी वाचणारी बाई ही माझ्याकडून पुस्तक नेणाऱ्यांतली एकमेव खरी वाचक असावी. तिने ते परतही केलं होतं.

दिवाळी अंक मागायचा नसतो, उचलायचा असतो. 1909 साली का. र. मित्रांनी 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढला. तेव्हापासून विकत घेतलेला अंक होळीपर्यंत ज्याच्या स्वतःच्या घरात टिकला, असा माणूस मला भेटायचा आहे.

पीडीएफ मागत चला. 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे लेखक वारल्यावर 60 वर्षांनी पुस्तक सगळ्यांच्या मालकीचं होतं. एवढा धीर कोण धरणार? लेखक धडधाकट असतानाच ग्रुपवर टाकून मोकळं व्हावं. एका प्रकाशन समारंभात, पुस्तकांच्या टेबलाशेजारीच, "सर, पीडीएफ मिळेल का?" असं थेट लेखकाला विचारणारे गृहस्थ मी या डोळ्यांनी पाहिले आहेत. लेखक हसले. कसनुसं हसले, पण हसले. मराठी लेखक आणखी काय करणार?

चौथी की पाचवी सूचना, मोजणं सोडा. पुस्तक स्वतःकडेही ठेवू नका, पुढे सरकवा. मूळ मालकाने विचारलंच तर, "अहो, ते मेव्हणीने नेलंय, ती नाशिकला असते." नाशिकपर्यंत कोण जातंय?

आणि आता मुख्य सूचना. पुस्तक सरळ आपलं करून टाका.

आमच्या खालच्या मजल्यावरचे गृहस्थ, आपण त्यांना खालचे काका म्हणू, यांनी यंदा घराचं काम काढलं. तीन महिने डोक्यात ड्रिल मशीन घेऊन आम्ही जगलो. काम संपलं तसा त्यांनी सत्यनारायण घातला आणि सगळ्या बिल्डिंगला तीर्थप्रसादाला बोलावलं. हॉलमध्ये टीव्हीच्या दोन्ही बाजूंना नवीकोरी कपाटं, काचेची दारं, आत पिवळे दिवे आणि दिव्यांखाली पुस्तकं. मला भरून आलं. मग लक्षात आलं की पुस्तकं रंगाप्रमाणे लावली आहेत. लाल लालांत, निळी निळ्यांत. काकूंनी खुलासा केला, "इंटिरिअरवाला म्हणाला, थोडी पुस्तकं असू द्या, घर भरल्यासारखं वाटतं."

हिरव्यांच्या रांगेत, लोणच्यांच्या पुस्तकाच्या आणि शेअर बाजाराच्या मधोमध, ते होतं. कण्याला कापडी पट्टी. ती पट्टी मी लावली होती, खळ करून, एका पावसाळ्यात. पुस्तकाचं नाव सांगत नाही, सांगितलं तर तुम्हीही मागायला याल. 1997 साली माटुंग्याला किंग्ज सर्कलच्या फुटपाथवर 35 रुपयांना घेतलेलं. आवृत्ती कधीच संपलेली, पुन्हा निघालेली नाही. मी टक लावून बघतोय हे काकांनी पाहिलं.

"काय, वाचायचंय? न्या की!" काका म्हणाले. "छान आहे. पण नोंद करा हं तेवढी. लोक पुस्तकं नेतात आणि परत करत नाहीत. फार वाईट सवय आहे हो लोकांना."

आणि त्यांनी खणातून शंभर पानी वही काढली. पट्टीने रकाने आखलेले. अनुक्रमांक, नाव, फ्लॅट, पुस्तक, नेल्याची तारीख, परत केल्याची तारीख. वही कोरी होती. अनुक्रमांक 1 वर मी.

तुम्ही म्हणाल, तिथल्या तिथे बोलायला काय झालं होतं? एका हातात शिऱ्याचा द्रोण, समोर काकू, मागे आरतीला जमलेली अर्धी बिल्डिंग, गुरुजी दक्षिणा मोजतायत. अशा वेळी "हे पुस्तक माझं आहे" हे वाक्य तोंडातून निघत नाही. निघतं ते "पेन आहे का?"

घरी येऊन उघडलं. माझं नाव असलेलं पहिलं पान नव्हतं. फाडलेलं नाही, ब्लेडने कापलेलं. मुळाशी एक बारीक पांढरी पट्टी तेवढी उरली होती, इतक्या सुबक हाताने कापलेली की क्षणभर कौतुक वाटलं. त्यापुढच्या पानावर जांभळ्या शाईत गोल रबरी शिक्का: काकांचं नाव आणि खाली 'वैयक्तिक ग्रंथसंग्रह'. मग मी पान 33 काढलं. ग्रंथालयं शिक्का पहिल्या पानावर मारतात तसाच आत एका ठरलेल्या पानावरही मारतात. ती युक्ती मी कॉलेजात असताना उचलली. माझ्या प्रत्येक पुस्तकात पान 33 च्या खालच्या कोपऱ्यात पेन्सिलीने आद्याक्षरं आणि साल असतं. होतं. 1997. पुढच्या पानांवर ना घडी, ना डाग, ना मेथीची काडी. त्या पानापर्यंत कोणी पोचलंच नव्हतं.

हे पुस्तक त्यांच्याकडे गेलं कसं, तेही ऐका. 2020, लॉकडाऊन लागून आठवडा झालेला. खालून हाक आली, "अहो, वेळ जात नाही हो, काही वाचायला आहे का?" मी चौथ्या मजल्यावर, ते तिसऱ्या. मी पुस्तक कापडी पिशवीत घातलं, पिशवीला दोरी बांधली आणि गॅलरीतून खाली सोडली. त्यांनी पुस्तक काढून घेतलं, त्याच्यावर सॅनिटायझर फवारला आणि दोरी हलवली. मी पिशवी वर ओढली तर आत दोन लिंबं!

बघा म्हणजे. पिशवी परत आली. त्याच मिनिटाला आली. दोरीसकट आली, आणि रिकामी पाठवू नये म्हणून दोन लिंबं घालून आली. पुस्तक गेलं ते गेलं.

हे कोडं मला आजतागायत सुटलेलं नाही. आपल्याकडे शेजारून वाटीभर आमटी आली तर ती वाटी परत जाते. घासून, पुसून, आत काहीतरी घालून जाते. काहीच नसेल तर चमचाभर साखर. डबा राहिला तर फोन येतात, "वहिनी, तुमचा डबा आहे हं आमच्याकडे." लग्नाकार्याला नेलेलं पातेलं चार घरं फिरून बरोबर मूळ घरी येतं, कारण त्याच्यावर नाव कोरलेलं असतं आणि त्या नावाला मान असतो. पातेल्यावरचं नाव खरवडून तिथे स्वतःचं घातलं, असा माणूस तुमच्या पाहण्यात आहे? गावभर छी थू होईल त्याची. आणि पुस्तकावरचं नाव? ते ब्लेडने कापायचं. त्याला कोणी चोरी म्हणत नाही, वाचनाची आवड म्हणतात! माझं घर म्हणजे यांना भिलार वाटलं काय? तिथेसुद्धा 2017 पासून घराघरांत पुस्तकं मांडली आहेत ती तिथे बसून वाचण्यासाठी, घरी नेऊन हिरव्या रांगेत लावण्यासाठी नाही.

(माझ्याही कपाटात दुसऱ्यांची दोन पुस्तकं आहेत, त्यांचा विषय वेगळा आहे.)

आता पुरे झाल्या सूचना. सरळ बोलतो. अहो, नाही वाचायचं तर नेता कशाला? कोणी जबरदस्ती केली होती? आणि नेलंत, नाही जमलं वाचायला, तर त्यात लाजण्यासारखं काही नाही. जिना चढून वर या, "नाही जमलं हो" म्हणा, पुस्तक ठेवा, चहा घ्या आणि जा. एक मजला आहे, सोळा पायऱ्या. पाच वर्षांत तुम्ही गच्चीतल्या टाकीसाठी, केबलसाठी, गणपतीच्या वर्गणीसाठी त्या किती वेळा चढलात! दर वेळी माझ्या दारावरून गेलात. एकदाही आठवलं नाही? आठवलं असणार. ब्लेड घेताना तर नक्कीच आठवलं असणार, कारण कापायचं ते नाव तुम्ही वाचलंत. एवढ्या जाड पुस्तकातलं तेवढंच वाचलंत! विसरलात म्हणून मी सोडून दिलं असतं. हे विसरणं नाही. लाज वाटायला पाहिजे, आणि मला नव्हे, तुम्हाला.

हे सगळं मी त्यांना तोंडावर सांगणार होतो. दोनदा जिन्यापर्यंत गेलोही. पण दोन्ही वेळा काकूच दारात भेटल्या आणि हातावर काहीतरी ठेवलं. एकदा चकली, एकदा ओल्या नारळाची वडी. वडीची वाटी मी धुऊन, आत चार खजूर घालून परत केली.

काल रात्री काकांचा व्हॉट्सॲपवर मेसेज आला. "नमस्कार. पुस्तक झालं का? वहीत पंधरा दिवस लिहिलं होतं. घाई नाही, सहज आठवण केली." पुढे जोडलेले हात आणि एक गुलाब.

मी बराच वेळ टाइप केलं, खोडलं, पुन्हा टाइप केलं. शेवटी एवढंच पाठवलं: "वाचून झालं की देतो."