पाटावरचा एक तास

2024 साली भाऊबीज 3 नोव्हेंबरला, रविवारी आली होती. मला तीन बहिणी. ताई न्यू जर्सीत एडिसनला, धाकटी ॲरिझोनात फिनिक्सला आणि मावसबहीण मेलबर्नला. मी पुण्यात सदाशिव पेठेत, म्हणजे जगाच्या मध्यभागी. ओवाळणं अर्थातच व्हिडिओ कॉलवर. तिघी आपापल्या घरी लॅपटॉपला ओवाळतात आणि मी इकडे टोपी घालून पाटावर बसतो. ओवाळणीचे पैसे मागाहून बँकेतून जातात. ते उशिरा पोचलेले मात्र कुठल्याच टाइमझोनमध्ये खपवून घेतले जात नाहीत.

वेळ जुळवायचं काम दर वर्षी माझ्याकडेच असतं. त्या वर्षी ते मी एका एआय एजंटवर, म्हणजे सांगितलेलं काम आपणहून उरकणाऱ्या प्रोग्रॅमवर सोपवलं. नोकरी सॉफ्टवेअरमधली. दिवसभर लोकांना 'एजंटला सांगा, तो करेल' असं सांगायचं आणि घरी येऊन बोटं मोजत बसायचं, हे बरं दिसत नाही. एजंटने चहा गाळून होईपर्यंत आमंत्रणं धाडलीसुद्धा. पुणे संध्याकाळी 6, मेलबर्न रात्री 11:30, फिनिक्स पहाटे 5:30, एडिसन सकाळी 8:30. खाली भाऊबीजेच्या हार्दिक शुभेच्छा, पणतीच्या चित्रासह.

सहा वाजता धाकटी आणि मावसबहीण हजर. ताईचा पत्ता नाही. पहिलं ओवाळण्याचा मान ताईचा, त्यामुळे बाकी सगळं खोळंबलं. सव्वासहाला माझा डावा पाय झोपला. साडेसहाला उजवा. "दादा, इथे अजून उजाडलेलं नाही," धाकटी म्हणाली, आणि ती तक्रार होती. मेलबर्नला मध्यरात्र उलटली, निरांजनात तिसऱ्यांदा तूप पडलं आणि छतावरचा धुराचा भोंगा बोंबलायला लागला. तिचे सासरे उठून आले. माझी स्क्रीनवर त्यांच्याशी झालेली ती पहिली भेट.

सातला एक मिनिट कमी असताना ताई उगवली. पैठणी, नथ, हातात तबक. "साडेआठला एक मिनिट कमी आहे," ती म्हणाली. "मी वेळेआधी आलेय. तुम्ही सगळे असे का बघताय?"

भानगड अशी, की त्याच रविवारी पहाटे 2 वाजता न्यू जर्सीची घड्याळं एक तास मागे गेली होती. अमेरिकेत 2007पासून हा नियम आहे: मार्चच्या दुसऱ्या रविवारी काटे पुढे, नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे. ॲरिझोनाचा बहुतेक भाग या भानगडीत पडत नाही. (तिथल्याच नवाहो लोकांच्या प्रदेशात पडतात. ते सोडा.) एजंटच्या पोटात घड्याळ नसतं. आज तारीख काय, हेही त्याला कुणीतरी सांगावं लागतं. त्याने कुठेतरी वाचलेलं 'न्यू जर्सी साडेनऊ तास मागे' तेवढं धरून ठेवलं होतं. त्या सकाळपासून ते साडेदहा झालं होतं.

यावर इलाज म्हणजे एजंटच्या हातात वेळ बघायचं एक टूल द्यायचं. मग तो मनाने ठोकत नाही, टूलला विचारतो: अमुक गावी, अमुक तारखेला, घड्याळ किती पुढे, किती मागे? मी दिवाळीची उरलेली सुट्टी खर्चून ते जोडलं आणि पहिलाच प्रश्न टाकला, पुण्यात किती वाजले? एजंटने टूलला 'एशिया/पुणे' असं विचारलं. टूलने उत्तर दिलं, असा टाइमझोन अस्तित्वात नाही.

मी ते वाक्य दोनदा वाचलं. मग मुंबई घालून पाहिली. तीही नाही. (जरा बरं वाटलं.) जगभरची सॉफ्टवेअरं टाइमझोनच्या ज्या यादीवर चालतात, ती आर्थर डेव्हिड ऑल्सन नावाच्या गृहस्थांनी सुरू केली. त्या यादीत अख्ख्या भारताला मिळून एकच नाव आहे, एशिया/कोलकाता. जुनं 'कलकत्ता' टाकलं तरी चालतं. पुणं कुठल्याच स्पेलिंगने चालत नाही. बरं, नुसतं 'आयएसटी' म्हणावं, तर एजंट नम्रपणे विचारतो, भारत, इस्राएल की आयर्लंड?

हे सगळं बाबा आरामखुर्चीतून ऐकत होते. बाबांचा जन्म फेब्रुवारी 1944चा, पहाटेचा. "तुझ्या त्या यंत्राला विचार," ते म्हणाले, "मी जन्मलो तेव्हा घड्याळ किती पुढे होतं."

मी विचारलं. उत्तर आलं, ग्रिनिचच्या साडेसहा तास पुढे. मी म्हटलं, हे बघा, चुकलं, भारत कायम साडेपाच.

"चुकलेलं नाही," बाबा म्हणाले. "लढाईत सरकारने काटे एक तास पुढे सारले होते. सप्टेंबर बेचाळीस ते ऑक्टोबर पंचेचाळीस. माझी पत्रिका करताना जोशी गुरुजींनी तो तास वजा केला होता. पेन्सिलीने. त्यांना टूल लागलं नव्हतं." मग म्हणाले, "आणि मुंबई तर 1955पर्यंत स्वतःचं घड्याळ चालवायची. आपल्यापेक्षा 39 मिनिटं मागे." हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर निव्वळ पुणेरी समाधान होतं.

गंमत म्हणजे टाइमझोनच्या त्या यादीवर 2011मध्ये अमेरिकेत खटलाही गुदरला होता, तो ज्योतिषाचं सॉफ्टवेअर विकणाऱ्या एका कंपनीने. जुन्या वेळांची माहिती आमच्या पुस्तकातून उचलली, असं त्यांचं म्हणणं. पुढच्याच वर्षी त्यांनी माफी मागून तो मागे घेतला. बाबांना सांगितलं, तर म्हणाले, "गुरुजींनी असा दावा लावला असता, तर माघार घेतली नसती."

2025ची भाऊबीज 23 ऑक्टोबरला होती. मी एजंटला पुन्हा तेच काम दिलं. त्याने टूलला विचारलं आणि लिहिलं, एडिसन सकाळी 8:30. गेल्या वर्षीचेच आकडे बघून माझ्या पोटात गोळा आला. तीनदा विचारलं. तिन्ही वेळा 8:30. काटे मागे जायला अजून दहा दिवस होते, म्हणजे या खेपेला साडेआठ खरंच बरोबर होतं. निर्धास्त होऊन मी दुपारी पडलो.

पाच वाजता फोन खणखणला. स्क्रीनवर ताई. पैठणी, नथ, हातात तबक.

"आमंत्रणात साडेआठ लिहिलंय," मी डोळे चोळत म्हटलं.

"ते बघितलं मी," ती म्हणाली. "तुझ्या यंत्राचं साडेआठ म्हणजे साडेसात, हे काय मला ठाऊक नाही? बस लवकर पाटावर."