डीएनएस बदला, फायरवॉल बंद करा: त्या यादीतले चार उपाय

इंटरनेट अडलं की काय करावं, याची एक यादी व्हॉट्सअ‍ॅपवर वारंवार फिरत येते. एफ५ दाबून रिफ्रेश करत राहा, रॅम मोकळी होते. पिंगला, म्हणजे समोरचं यंत्र उत्तर देतंय का हे विचारणाऱ्या आदेशाला, उत्तर आलं नाही तर साइट बंद आहे. डीएनएस, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणारी सोय, बदलून गूगलचं ८.८.८.८ करा, नेट वेगात धावतं. तरीही साइट उघडेना, तर फायरवॉल (नको असलेल्या जोडण्या अडवणारा पहारेकरी) आणि अँटिव्हायरस बंद करा. यातला पहिला उपाय निरुपयोगी आहे आणि शेवटचा चक्क धोक्याचा. दोन यंत्रांमधला संवाद नेमका कुठे तुटला, हे चारांपैकी एकही उपाय नीट सांगत नाही.

रिफ्रेशचा मुद्दा लगेच निकालात निघतो. डेस्कटॉपवर एफ५ दाबलं की विंडोज समोरची आयकॉन पुन्हा मांडतं, एवढंच. मेमरी कोण खातंय ते टास्क मॅनेजरमध्ये दिसतं.

पिंगवर मात्र अन्याय होतो. माइक मूस यांनी १९८३ मध्ये लिहिलेलं हे छोटं साधन आजही फार कामाचं आहे, पण ते आयसीएमपी या वेगळ्या प्रोटोकॉलने, म्हणजे संवादाच्या वेगळ्या नियमांनी, विचारणा करतं. सुरक्षित वेबसाइट साधारणपणे ४४३ क्रमांकाच्या पोर्टवर, म्हणजे सर्व्हरच्या ठरलेल्या दारावर, बोलते. कित्येक सर्व्हर पिंगला मुद्दाम उत्तर देत नाहीत आणि तरी साइट व्यवस्थित चालू असते. उलट पिंगला उत्तर येतं, पण वेब सर्व्हरचा प्रोग्रॅम बंद पडलेला असतो, असंही होतं.

म्हणून पिंग टप्प्याटप्प्याने वापरावं. आधी कमांड प्रॉम्प्टमध्ये आयपीकॉन्फिग हा विंडोजचा आदेश चालवून आपल्या मशिनचा आयपी पत्ता, म्हणजे जाळ्यातला क्रमांक, बघा. तो १६९.२५४ ने सुरू होत असेल तर राउटरकडून पत्ताच मिळालेला नाही. केबल, वाय-फाय किंवा राउटर तपासा. पत्ता ठीक असेल तर आधी राउटरला पिंग करा, मग ८.८.८.८ ला. राउटर उत्तर देतो पण पुढून काहीच येत नाही, तर बिघाड बहुधा राउटरच्या पलीकडच्या लाइनमध्ये आहे. ८.८.८.८ उत्तर देतं पण साइटच्या नावाचा पत्ता सापडत नाही, तेव्हा संशय डीएनएसवर घ्यावा.

डीएनएस बदलण्यात तथ्य आहे ते एवढ्यापुरतंच. डीएनएस नावावरून आयपी पत्ता शोधून देतं. पुढची फाइल किंवा व्हिडिओ त्यातून येत नाही, त्यामुळे लाइनचा वेग वाढत नाही. ऑफिसात तर हा बदल उलटतो. आतल्या सर्व्हरची नावं ऑफिसच्याच डीएनएसला ठाऊक असतात, ती सापडेनाशी होतात. ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअ‍ॅप सुमारे सहा तास बंद होते. देखभालीच्या एका आदेशाने कंपनीचं अंतर्गत जाळं तुटलं आणि तिच्या डीएनएस सर्व्हरकडे जाणारे मार्गच इंटरनेटवरून नाहीसे झाले. घरबसल्या कुठलाही डीएनएस टाकला असता, तरी काही फरक पडला नसता.

फायरवॉलच्या सल्ल्याचा मला खरोखर राग येतो. फॉर्मच्या शेवटच्या तारखेला साइट ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ म्हणते आणि घाबरलेला विद्यार्थी हातातली ढालच टाकून देतो. जुन्या मशिनवर या इशाऱ्याचं एक नेहमीचं कारण असतं चुकलेली तारीख. मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल, बहुधा सीआर२०३२, संपला की घड्याळ कित्येक वर्षं मागे जातं. साइटची ओळख पटवणाऱ्या डिजिटल प्रमाणपत्राला मुदत असते. मागे गेलेल्या तारखेला ते अजून लागूच झालेलं नसतं, म्हणून ब्राउझर ते नाकारतो. तारीख दुरुस्त करा, सेल बदला. काही अँटिव्हायरस सुरक्षित जोडण्या मध्येच तपासतात आणि त्यातूनही अडचण येते, हे खरं. पण तेव्हा तेवढीच एक सोय बंद करून पाहावी. तारीख बरोबर असूनही बँकेच्या साइटवर इशारा आला, तर पासवर्ड टाकूच नका.

आणि पडद्यावरचा संदेश वाचा. ‘रिफ्यूज्ड’ म्हणजे समोरून नकार आला, बहुधा त्या पोर्टवर ऐकणारा प्रोग्रॅमच चालू नाही. ‘टाइम्ड आउट’ म्हणजे ठरल्या वेळेत उत्तरच आलं नाही. ‘एनएक्सडोमेन’ म्हणजे त्या नावाची नोंदच सापडली नाही. आधी स्पेलिंग तपासा. सेटिंगला हात लावण्यापूर्वी या संदेशाचा फोटो काढून ठेवला, तर दुरुस्ती करणाऱ्याला कुठून सुरुवात करायची ते कळतं.