बाराशे भागिले सात

रविवारी दुपारी भाची वही घेऊन आली. "मामा, १ जानेवारी १९०१ ते ३१ डिसेंबर २००० या काळात महिन्याची एक तारीख किती वेळा रविवारी आली?" खाली बारीक अक्षरात सूचना होती: १ जानेवारी १९०० ला सोमवार होता.

पोर विषम दिवस, म्हणजे पूर्ण आठवडे वजा जाता उरणारे दिवस, काढत बसली होती. साध्या वर्षाचा एक, लीप वर्षाचे दोन, बोटांची पेरं संपली की पुन्हा करंगळीपासून. मला तिची दया आली. पंधरा वर्षं प्रोग्रामिंगवर पोट भरतोय, भाचीला बोटं मोजायला लावू? म्हटलं, "ठेव ती वही. दोन मिनिटांत प्रोग्राम लिहून देतो."

"दोन मिनिटं" हे आमच्या धंद्यातलं माप आहे. रिक्षावाल्याच्या "हे काय, आलोच" इतकंच भरवशाचं.

पहिली ठेच वारालाच लागली. ऑफिसात मी जावास्क्रिप्ट लिहितो, तिथे रविवार म्हणजे शून्य. (जानेवारीही शून्यच. का, ते विचारू नका.) घरी हौसेने पायथन उघडलं, तिथे शून्य म्हणजे सोमवार आणि रविवार म्हणजे सहा. सवयीने शून्य टाकलं. प्रोग्रामने इमानेइतबारे शतकभरातल्या एक तारखांचे सोमवार मोजून हातावर ठेवले.

ते निस्तरलं, तर उत्तर आलं १७३. भाचीने वहीची शेवटची पानं उघडली. "मामा, उत्तर १७१ आहे."

आता हे दोन रविवार कुठून उगवले? मी संशय घेतला लीप वर्षावर. १९०० ला चारने भाग जातो, पण ते लीप नाही; २०००ला चारशेने भाग जातो, म्हणून ते लीप. प्रोग्रामला हे ठाऊक होतं. एक्सेलला विचारण्यात अर्थ नव्हता, कारण तिथे २९ फेब्रुवारी १९०० सुखाने नांदते. लोटस १-२-३ या एक्सेलच्या आधीच्या स्प्रेडशीटमधली ती चूक, जुन्या फाइली चालाव्यात म्हणून मुद्दाम जपलेली. आपल्याकडे जुना माठ जपतात तशी.

कुकर झाला, चहा झाला, तेव्हा कुठे उमगलं. सूचनेतली तारीख १९०० ची, म्हणून मी मोजायलाही १९०० पासूनच लागलो होतो. त्या वर्षी १ एप्रिल आणि १ जुलै रविवारी होते. फुकटचे दोन.

"१७१!" मी ओरडलो.

पेपरमागून बाबांचा आवाज आला, "शंभर वर्षं म्हणजे बाराशे महिने. सातने भाग. एकशे एक्काहत्तर, बाकी तीन."

"बाबा, असं नसतं. नेमकं तेवढंच येईल असं काही नाही, या वेळी जुळलं इतकंच."

"जुळलं ना? मग झालं."

भाची वही मिटून खेळायला गेली. बाबांना मात्र आता गोडी लागली होती. "तुझ्या यंत्राला विचार, महाराजांच्या जन्माचा वार कोणता? १९ फेब्रुवारी १६३०."

यात लूपसुद्धा नको, एका ओळीचं काम. "मंगळवार," मी छाती काढून सांगितलं.

बाबा उठले, कपाटातून शिवकाळाच्या जुन्या तारीखवार नोंदींचं पुस्तक काढलं, चष्मा पुसला आणि बोट ठेवून वाचलं, "जेधे शकावली. शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार."

यानंतरचा अर्धा तास मी पोप ग्रेगरीच्या वतीने बोललो. १५८२ साली त्याने कॅलेंडरातून दहा दिवस उडवले: ४ ऑक्टोबर गुरुवार, दुसऱ्या दिवशी एकदम १५ ऑक्टोबर शुक्रवार. इंग्रजांनी ते १७५२ पर्यंत मानलं नाही. आपली १९ फेब्रुवारी त्या जुन्या कॅलेंडरातली. नव्याने ती १ मार्च, आणि तिचा वार शुक्रवार. पायथन बिचारा आजचंच कॅलेंडर थेट इसवी सन १ पर्यंत मागे ओढतो, त्याला ना पोप माहीत ना जेधे.

बाबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "म्हणजे शुक्रवारच."

"हो."

"मग मंगळवार कोण म्हणालं?"

मी लॅपटॉपकडे बोट दाखवलं.